टॅलिलिन रेल्वेचा जीर्णोद्धार व रुळांची साक्ष

पोथीची नक्कल करतांना लेखक जो पाठ अशुद्ध समजून सुधारतो, तोच पुष्कळदां मूळचा पाठ असतो, हा अनुभव हस्तलिखितांच्या संग्राहकांस नवा नाहीं. लोखंडाच्या बाबतींतहि हाच प्रकार घडतो, हें वेल्समधील टॅलिलिन रेल्वेच्या जीर्णोद्धाराचा वृत्तांत पाहतां आमच्या ध्यानांत आलें. त्याचा सारांश येथें देत आहों.

ब्रिनएग्लविस येथील खाणीचा पाटीचा दगड समुद्रकांठच्या टाउइन गांवीं आणण्यासाठीं ही लहान रेल्वे १८६५ सालीं पार्लमेंटच्या कायद्यानें मंजूर झाली. दोन रुळांमधील विहित अंतर २ फूट ३ इंच. १९११ सालीं खाण व रेल्वे हीं दोन्ही सर हेडन जोन्स ह्यांनीं विकत घेतलीं. १९४६ च्या डिसेंबरांत खाणींत पडझड होऊन ती बंद पडली. १९४८ सालीं ब्रिटनमधील बहुतेक रेल्वे सरकारजमा झाल्या, त्यांत हिचा समावेश नव्हता. सर हेडन हयात असेपर्यंत उन्हाळ्यांतील गाडी त्यांनीं चालू ठेविली. ते जुलै १९५० मध्यें वारले. त्याच वर्षीं ११ ऑक्टोबर रोजीं टॉम रोल्ट व त्यांचे स्नेही ह्यांनीं बर्मिंगहॅम येथें सभा भरविली, तींतून रक्षणार्थ संस्था निघाली, आणि १४ मे १९५१ रोजीं स्वयंसेवकांची पहिली गाडी सुटली. स्वयंसेवकांनीं रेल्वे वांचवून चालविल्याचें हें जगांतील पहिलें उदाहरण होय.

मार्गाची स्थिति मात्र शोचनीय होती. पुष्कळ रूळ मूळचेच, घडीव लोखंडाचे, स्लीपर कुजलेले, गवत इतकें माजलेलें कीं रूळ दिसत नसत. रजेच्या दिवशीं शहरांतून येणारीं माणसें गवत काढीत, स्लीपर बदलीत, खडी भरीत. शेजारची कॉरिस रेल्वे १९४८ सालीं बंद झाली होती. तिचे कांहीं रूळ व दोन एंजिनें ह्या कामीं उपयोगीं पडलीं.

येथेंच आमच्या विषयाचा गाभा आहे. कॉरिसचें एक एंजिन ह्या मार्गावर चालवूं जातां तें वारंवार रुळांमध्यें घसरूं लागलें. दोन्ही रेल्वेंचें विहित माप तर एकच. मग प्रत्यक्ष मोजणी केली, तेव्हां टॅलिलिनच्या रुळांतील अंतर सुमारें अर्धा इंच अधिक भरलें. हा जीर्णतेचा दोष, असें कोणासहि प्रथम वाटावें. परंतु जुन्या कंपनीनें हा वाढावा हेतुपुरस्सर ठेविला होता. तिच्या एंजिनाच्या पुढच्या व मागच्या चाकांत अंतर फार. वळणावर तें अडकूं नये म्हणून ही सोय. त्या एंजिनांच्या चाकांची धाव रुंद, म्हणून तीं वाढलेल्या अंतरांतहि रुळांवर टिकत; कॉरिसच्या एंजिनाची धाव अरुंद, म्हणून तें आंत पडे.

म्हणजे कागद एक सांगत होता व लोखंड दुसरें. कागदास प्रमाण मानून स्वयंसेवकांनीं आरंभींच सारे रूळ विहित मापानें बसविले असते, तर जुन्या कंपनीची ही युक्ति कोणास कळली नसती, आणि पुरावा भंगारांत गेला असता. पुढें सर्व मार्ग विहित मापास आणला, तें योग्यच झालें; कारण गाडी चालणें हाच त्या रेल्वेच्या रक्षणाचा हेतु, व ती आजहि चालत आहे. पण तोंवर जुनें माप मोजलेलें होतें व त्याचें कारण कळलेलें होतें.

ह्यावरून आम्हांस एवढेंच सुचवावयाचें आहे कीं, देऊळ असो, पोथी असो वा रेल्वे, दुरुस्तीस हात घालण्यापूर्वीं आहे तें माप, आहे तो पाठ, आहे तो दोषहि जसाच्या तसा टिपून ठेवावा. पोथीस नवें पान जोडणारानें जुनें पान त्याच रुमालांत बांधून ठेवावें. तें दोषी ठरलें तरी हानि नाहीं. निर्दोष ठरलें, तर पुढील संशोधकास तेंच उपयोगीं पडेल.