पोटातला प्रेषक

गिळता येणाऱ्या इलेक्ट्रॉनिक संवेदकाचा इतिहास १९५७ सालापासून सुरू होतो. त्या वर्षी स्टॉकहोममधील बर्टिल जेकबसन आणि अमेरिकी जीवभौतिकीतज्ज्ञ स्टुअर्ट मॅके यांनी ‘नेचर’मध्ये ‘एंडोरेडिओसोंड’ नावाच्या कॅप्सूलचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याच वर्षी दूरचित्रवाणीच्या जनकांपैकी एक असलेले व्लादिमिर झ्वोरिकिन यांनी फॅरार आणि बॉम या सहकाऱ्यांसह आतड्यातील दाब मोजणाऱ्या कॅप्सूलची माहिती ‘सायन्स’मध्ये दिली. दोन्हींच्या मुळाशी १९४७ साली लागलेला ट्रान्झिस्टरचा शोध होता. व्हॉल्व्हचा रेडिओ टेबलावर ठेवता येई, घशाखाली उतरवता येत नसे.

तोवर जठरात काय चालले आहे हे पाहायचे तर नळी घालावी लागे, आणि त्या नळीनेच आतड्याची हालचाल बदलत असे. कॅप्सूलने ही अडचण दूर केली. आत एक छोटा प्रेषक असे. बाहेरचा दाब वाढला की पातळ पडदा आत दबे, प्रेषकाची वारंवारता बदले आणि पोटाजवळ धरलेल्या अँटेनाला तो बदल कळे. पुढे साठच्या दशकात जठरातील आम्लता मोजणारी ‘हायडेलबर्ग कॅप्सूल’ जर्मनीत आली. मात्र बॅटरी फार काळ टिकत नसे आणि कॅप्सूल नेमकी कुठे पोहोचली हे सांगणे अवघड जाई. त्यामुळे ही साधने बहुतांशी संशोधकांपुरतीच राहिली.

शरीराचे आतले तापमान मोजणारी गोळी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या उपयोजित भौतिकी प्रयोगशाळेत ‘नासा’च्या सहकार्याने तयार झाली. तिच्यात क्वार्ट्झचा स्फटिक असतो आणि तापमानानुसार त्याच्या कंपनांची वारंवारता बदलते. १९९८ मध्ये वयाच्या ७७ व्या वर्षी पुन्हा अंतराळात गेलेल्या जॉन ग्लेन यांनी ही गोळी गिळली होती. उष्माघाताचा धोका असलेले खेळाडू आणि अग्निशमन दलाचे जवान यांच्यासाठीही ती वापरली गेली.

या घराण्यातील सर्वांत यशस्वी साधन मात्र कॅमेऱ्याची कॅप्सूल. क्षेपणास्त्रांच्या मार्गदर्शन यंत्रणेवर काम केलेले इस्रायली अभियंते गॅव्रिएल इडान यांनी ती घडवली. २००० मध्ये ‘नेचर’मध्ये तिची माहिती आली आणि २००१ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने तिला मान्यता दिली. ११ मिलिमीटर जाड आणि २६ मिलिमीटर लांब अशी ही कॅप्सूल सेकंदाला दोन छायाचित्रे घेई. आठ तासांत ती पन्नास हजारांच्या घरात जात. तोंडातून घातलेली दुर्बीण आणि गुदमार्गाची दुर्बीण या दोन्हींच्या टप्प्याबाहेर राहणारा लहान आतड्याचा मोठा भाग तिने उजेडात आणला. डॉक्टरला पूर्वी दिसत नव्हते ते दिसू लागले. तिच्या यशाला आणखी कारण शोधण्याची गरज नाही.

औषध घेतले की नाही हे ओळखण्याचा प्रश्न मात्र निराळा आणि फार जुना आहे. रुग्ण पुष्कळदा औषध घेतल्याचे खोटे सांगतात, असा इशारा हिप्पोक्रेटिसच्या नावावरील ग्रंथांतच आढळतो. विसाव्या शतकात हा प्रश्न क्षयरोगाने ऐरणीवर आणला. १९५६ मध्ये मद्रासला सुरू झालेल्या क्षयरोग उपचार संशोधन केंद्राने घरी राहून घेतलेले उपचारही आरोग्यधामातल्या उपचारांइतकेच गुणकारी ठरतात असे दाखवले. पण घरी गोळ्या खरोखर घेतल्या जातात का, हे कोण पाहणार? त्यासाठी गोळ्या मोजणे, लघवी तपासणे असे उपाय झाले. अमेरिकेत थॉमस मोल्डिंग यांनी १९६२ मध्ये गोळी काढल्याची वेळ आपोआप नोंदवणाऱ्या डबीची कल्पना मांडली. शेवटी आरोग्य कर्मचाऱ्यासमोर गोळी गिळण्याची ‘डॉट्स’ पद्धत रूढ झाली. दीर्घ आजारांत विकसित देशांतही सरासरी निम्मेच रुग्ण नीट औषध घेतात, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००३ मध्ये नोंदवले.

हे दोन प्रवाह कॅलिफोर्नियातील प्रोटियस या कंपनीने एकत्र आणले. तिचा संवेदक वाळूच्या कणाएवढा, जेमतेम एक मिलिमीटर लांबी-रुंदीचा होता. त्यात नेहमीची बॅटरी नव्हती. एका बाजूला मॅग्नेशियम आणि दुसऱ्या बाजूला तांब्याचे संयुग असे. जठररस लागताच दोहोंमध्ये वीज निर्माण होई. तेवढ्या विजेवर निघालेला क्षीण संकेत शरीराच्या ऊतींमधूनच पोटाच्या डाव्या बाजूला चिकटवलेल्या पट्टीपर्यंत जाई आणि तिथून मोबाइलवर. २०१२ मध्ये या संवेदकाला अमेरिकेत मान्यता मिळाली. नोव्हेंबर २०१७ मध्ये ओत्सुका या जपानी कंपनीची ‘ॲबिलिफाय मायसाइट’ ही संवेदक बसवलेली पहिली गोळी मान्य झाली.

ही गोळी स्किझोफ्रेनियासारख्या मानसिक आजारांवरची होती. आपल्यावर कुणाची तरी नजर आहे असा संशय हेच ज्या आजाराचे एक लक्षण असू शकते, त्याच्याच गोळीत नजर ठेवणारे यंत्र बसवले गेले. माहिती कुणाला दाखवायची हे रुग्णाने ठरवायचे होते, तरीही निवड विचित्रच म्हणावी लागते. शिवाय या गोळीमुळे रुग्ण औषध अधिक नियमित घेतात असे सिद्ध झालेले नाही, हे तिच्या अधिकृत माहितीपत्रकातच नमूद होते. क्षयरोगात चित्र अधिक आशादायक दिसले. कॅलिफोर्नियातील २०१९ च्या चाचणीत संवेदकाने रोजच्या ९३ टक्के मात्रांची खात्री दिली, तर प्रत्यक्ष देखरेखीने ६३ टक्क्यांची. पण तोवर धंद्याचे गणित बिघडले होते. एकेकाळी दीड अब्ज डॉलर मूल्य सांगितले जाणाऱ्या प्रोटियसने जून २०२० मध्ये दिवाळखोरी जाहीर केली आणि तिची मालमत्ता ओत्सुकानेच दीड कोटी डॉलरला घेतली.

भारताने याच कामासाठी फार स्वस्त वाट काढली. ‘९९ डॉट्स’ पद्धतीत क्षयरोगाच्या गोळ्यांच्या पाकिटावर गोळीमागे दूरध्वनी क्रमांक दडवलेला असतो. गोळी काढली की तो दिसतो आणि त्यावर रुग्णाने फुकट कॉल करायचा. गोळी पाकिटातून बाहेर आली एवढेच त्यातून कळते, पोटात गेली की नाही ते कळत नाही. तरीही राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमाने वापरात आणली ती हीच पद्धत.