तिसऱ्याची नजर : समलिंगी प्रेम, पडदा आणि समाजमान्यता

प्रेमकथेत दोघे असतात, असं आपण धरून चालतो. त्यामुळे समलिंगी प्रेमावरच्या चित्रपटांची चर्चाही त्या दोघांभोवतीच फिरते. ते हास्यास्पद दाखवले की सोशीक, सुखी की पिचलेले, शेवटी जगले की मेले, एवढंच पाहिलं जातं. या कसोट्या निरुपयोगी नाहीत. पण अशा चित्रपटांनी समाजाचं मन कसं हलतं, हे समजून घ्यायचं तर माझ्या मते तिसऱ्या माणसाकडे बघावं लागतं. त्या दोघांविषयी ज्याला कळतं, जो चुकून पाहतो, मुद्दाम डोकावतो किंवा ज्याला विश्वासात घेऊन सांगितलं जातं, असं एक पात्र या चित्रपटांत बहुतेक वेळा असतंच. कधी ती आई असते, कधी बहीण किंवा बायको, कधी घरकामाचा नोकर, कधी पत्रकार. बहुसंख्य प्रेक्षक स्वतः समलिंगी नसतात. पडद्यावरच्या प्रेमिकांच्या जागी ते स्वतःला सहजी ठेवत नाहीत. ते बसतात या तिसऱ्याच्या जागी. त्या जागेवर दिग्दर्शक कोणाला बसवतो आणि त्याच्याकडून काय करवून घेतो, त्यावर पुढचं पुष्कळ अवलंबून असतं.

मान्यता ही एकजिनसी गोष्ट नाही, हेही आधीच सांगून टाकायला हवं. ‘त्यांचं त्यांना लखलाभ’ म्हणून सोडून देणं ही एक पायरी. कीव येणं ही दुसरी. कायद्याने त्यांना गुन्हेगार ठरवू नये असं वाटणं ही तिसरी. आणि मुलाच्या जोडीदाराला गणपतीच्या आरतीला, सगळ्या भावकीसमोर, घरचा माणूस म्हणून उभं करणं ही अगदी वेगळी पायरी. तिसरी पायरी चढलेली कितीतरी सुशिक्षित घरं चौथीपाशी थबकतात. चित्रपटाने समाज बदलला असं कोणी म्हटलं, तर कोणत्या पायरीपर्यंत, हे विचारलंच पाहिजे.

याला समाजमानसशास्त्राचा थोडा आधार आहे. गॉर्डन ऑलपोर्ट यांनी 1954 मध्ये मांडलं की अनुकूल परिस्थितीत, बरोबरीच्या नात्याने दोन गटांतली माणसं एकमेकांच्या सहवासात आली तर पूर्वग्रह सैल होतात. दोनच वर्षांनी हॉर्टन आणि वोल या अभ्यासकांनी दाखवलं की पडद्यावरच्या व्यक्तीशी प्रेक्षक एकतर्फी, पण खऱ्यासारखीच ओळख जोडतो. एडवर्ड शियाप्पा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 मध्ये हे दोन्ही धागे जोडले. ज्याच्या ओळखीत एकही समलिंगी माणूस नाही, त्याच्या बाबतीत पडद्यावरची ओळख प्रत्यक्ष सहवासाची काही अंशी जागा घेऊ शकते, असं त्यांचं म्हणणं. मात्र हे प्रयोग अमेरिकी विद्यार्थ्यांवर आणि मुख्यतः मालिका दाखवून झालेले. मालिकेतलं पात्र आठवडेच्या आठवडे भेटत राहतं, चित्रपटातलं दोन तासांत निघून जातं. शिवाय आपल्याकडे बघणारा एकटा नसतो; शेजारी सासरे बसलेले असतात. ऑलपोर्ट यांची बरोबरीच्या नात्याची अट तर पडद्यावर आपोआप पुरी होतच नाही. ती पुरी होते की मोडते, हे तिसरं पात्रच ठरवतं.

‘फायर’ या दृष्टीने पुन्हा पाहावा. दीपा मेहता यांचा हा चित्रपट 1996 चा. भारतात तो 1998 च्या नोव्हेंबरमध्ये लागला. दिल्लीतल्या मध्यमवर्गीय एकत्र कुटुंबातल्या राधा आणि सीता या जावा एकमेकींच्या प्रेमात पडतात. हे कळतं कोणाला? घरातला नोकर मुंडू पाहतो आणि थोरल्या मालकाच्या कानावर घालतो. पक्षाघाताने वाचा गेलेली सासू सगळं उमजून असते, आणि तिच्यापाशी निषेधाचं एकच साधन उरतं: ती थुंकते. म्हणजे चित्रपटातले दोन्ही साक्षीदार विरोधातले. प्रेक्षकाला सुखाने टेकायला जागाच नाही. मग ती जागा चित्रपटगृहाबाहेर तयार झाली. 2 डिसेंबर 1998 रोजी मुंबईत गोरेगावच्या सिनेमॅक्समध्ये शिवसैनिकांनी मोडतोड केली, दुसऱ्या दिवशी दिल्लीत रीगलवर हल्ला झाला. चित्रपट फेरतपासणीसाठी सेन्सॉरकडे परत गेला आणि 1999 च्या सुरुवातीला एकही कात्री न लागता सुटला. मधल्या काळात रीगलसमोर जमलेल्या निदर्शकांमध्ये काही स्त्रिया आपण भारतीय आहोत आणि लेस्बियनही आहोत, असा फलक घेऊन उभ्या राहिल्या. चित्रपट न पाहिलेल्या लाखो घरांत हा विषय वर्तमानपत्रातून शिरला. हा परिणाम सहानुभूतीचा म्हणता येणार नाही. जी गोष्ट अस्तित्वातच नाही असं मानलं जात होतं, तिच्याविषयी बाजू घेणं भाग पडलं, एवढंच झालं. पण तेही लहान नव्हतं.

पाच वर्षांनी ‘कल हो ना हो’ आला आणि तिसऱ्याच्या जागी पुन्हा घरकामाचं माणूसच निघालं. सुलभा आर्य यांची कांताबेन दोन पुरुषांना वेळोवेळी नको त्या अवस्थेत पाहते आणि तिचा जीव घाबराघुबरा होतो. विनोद अख्खा तिच्या चेहऱ्यावर चालतो. प्रेक्षक त्या दोघांना हसतो की कांताबेनला, हे शेवटपर्यंत संदिग्ध राहतं, आणि ही संदिग्धता दिग्दर्शकाला सोयीची आहे. (मुंडू काय किंवा कांताबेन काय, बघण्याचं आणि दचकण्याचं काम हिंदी चित्रपट इतक्या सहजपणे नोकरांवर का सोपवतो, हा वर्गाचा प्रश्न कोणीतरी स्वतंत्रपणे हाताळायला हवा.) 2008 च्या ‘दोस्ताना’त दोन पुरुष भाड्याच्या घरासाठी प्रेमाचं सोंग आणतात. त्यात किरण खेर यांची आई आधी हंबरडा फोडते, मग मुलाच्या ‘जोडीदारा’ला सुनेसारखी बांगड्या घालून घरात घेते. सोंगाच्या पायावर उभा असलेला हा चित्रपट मला आवडत नाही. तरी कबूल करावं लागतं की अशा वेळी आईने काय करायचं, याचा एक नमुना त्याने लोकप्रिय पडद्यावर पहिल्यांदा ठेवला. तो थट्टेत ठेवला, म्हणूनच कदाचित कोणी दगड मारले नाहीत.

गंभीर बाजूने हीच जागा ओनीर यांच्या ‘माय ब्रदर निखिल’ (2005) ने भरली होती. गोव्यातल्या डॉमिनिक डिसोझा यांच्या आयुष्यावरून हा चित्रपट सुचला. एचआयव्ही असल्याचं कळल्यावर 1989 मध्ये तिथल्या सार्वजनिक आरोग्य कायद्याखाली त्यांना पकडून एकटं कोंडून ठेवलं होतं. त्यांच्या वतीने न्यायालयात गेली ती त्यांची आई, लूसी डिसोझा. मुंबई उच्च न्यायालयाने 1990 च्या निकालात विलगीकरणाची तरतूद वैध ठरवली. चित्रपटात आईच्या जागी बहीण आली, जुही चावला यांची अनामिका. आई-वडील पोहण्यात चमकलेल्या निखिलला घराबाहेर काढतात. बहीण त्याच्याबरोबर आणि त्याचा जोडीदार नायजेलबरोबर उभी राहते, आणि कॅमेऱ्याकडे बघून आपल्याशी बोलते. प्रेक्षकासाठी बसायची खुर्ची आता कुठे नीट मांडली गेली. पण तिची किंमत निखिलने मरून चुकवली. आजार आणि मरण यांच्या आडून आलेली सहानुभूती दुसऱ्या पायरीच्या पुढे फारशी सरकत नाही. निखिल बरा होऊन नायजेलसोबत मडगावात फ्लॅट घेऊन राहिला असता तर त्याच्या वडिलांनी काय केलं असतं, हा प्रश्न चित्रपटाला टाळता आला.

हंसल मेहता यांच्या ‘अलीगढ’ (2016) चा मराठी वाचकाशी थेट संबंध आहे. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात मराठी शिकवणारे प्राध्यापक श्रीनिवास रामचंद्र सिरस मूळचे विदर्भातले, आणि कवी. फेब्रुवारी 2010 मध्ये काही माणसं कॅमेरा घेऊन त्यांच्या घरात घुसली आणि झालेल्या चित्रणाच्या आधारे विद्यापीठाने त्यांना निलंबित केलं. दिल्ली उच्च न्यायालयाने 2 जुलै 2009 रोजीच प्रौढांचे संमतीचे खासगी संबंध कलम 377 च्या बाहेर काढले होते; म्हणजे कायद्याच्या दृष्टीने त्यांनी काही गैर केलेलं नव्हतं. 1 एप्रिलला अलाहाबाद उच्च न्यायालयाने निलंबनाला स्थगिती दिली, आणि 7 एप्रिलला ते घरात मृतावस्थेत सापडले.

मेहता आणि लेखक अपूर्व असरानी यांनी या घटनेत दोन परस्परविरोधी तिसरे उभे केले. एक घुसखोर कॅमेरा, आणि त्याला उत्तर म्हणून दुसरा, चित्रपटाचा स्वतःचा कॅमेरा. तो सुरुवातीला घराबाहेर थांबतो, अंतर राखतो. मग एका संध्याकाळी मनोज बाजपेयी यांचे सिरस हातात ग्लास घेऊन लताबाईंचं जुनं गाणं ऐकत बसतात, आणि कॅमेरा नुसता त्यांच्या चेहऱ्यापाशी थांबून राहतो. तिथे प्रेम करणारा दुसरा पुरुषही नाही, केवळ एक एकाकी, हौशी, थोडा चिडका मराठी मास्तर आहे. न्यायालयात त्यांच्या खासगीपणावर खल चाललेला असताना ते आपल्या कवितांच्या भाषांतरात गढलेले दिसतात. राजकुमार राव यांचा तरुण वार्ताहर हा तिसरा माणूस. तो शिकत जातो, आणि आपण त्याच्यासोबत. सिरस ओळखीचे वाटावेत म्हणून त्यांना संत करावं लागलं नाही. ऑलपोर्ट यांची बरोबरीची अट इथे पुरी होते असं मला वाटतं.

मराठीत ही परंपरा जुनी आहे, पण तुटक. विजय तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ 1981 मध्ये रंगभूमीवर आलं. रोहिणी हट्टंगडी यांनी साकारलेल्या सुमित्रेची कहाणी सांगतो बापू, तिच्यावर जीव असलेला आणि तिला स्वतःची खोली वापरायला देणारा मित्र. तिसऱ्याच्या नजरेचं इतकं काटेकोर भान नंतरच्या कित्येक चित्रपटांना आलेलं नाही. पुढच्याच वर्षीच्या जब्बार पटेल यांच्या ‘उंबरठा’त महिलाश्रमातल्या दोन स्त्रियांचं नातं येतं, ते संस्थेपुढची एक अडचण म्हणून. अमोल पालेकर यांच्या ‘थांग’ (2006) मध्ये मृणाल कुलकर्णी यांच्या पत्नीला नवऱ्याचं पुरुषावरचं प्रेम उमगतं, आणि चित्रपट तिच्या जखमेसोबत राहतो. ते योग्यच आहे. आपल्या समाजात असं प्रेम दडपण्याची किंमत बहुतेकदा तिऱ्हाईत बाईच मोजते. मात्र बायकोच्या डोळ्यांतून पाहताना नवऱ्याचा जोडीदार पुसट होत जातो.

रोहन परशुराम कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ने ही घडीच मोडली. जानेवारी 2025 मध्ये सनडान्सला जागतिक कथापट विभागात या चित्रपटाला परीक्षकांचा सर्वोच्च पुरस्कार मिळाला, आणि सप्टेंबरमध्ये तो भारतात प्रदर्शित झाला. वडील गेल्यावर दहा दिवसांच्या विधींसाठी मुंबईहून गावी आलेला आनंद आणि त्याचा बालमित्र बाळ्या यांची ही गोष्ट. इथे धक्का बसणारं कोणी नाही. आईला आधीपासून माहीत आहे. उरतात ते नातेवाईक. त्यांना एकच ठाऊक आहे की पोरगं लग्नाचं झालंय आणि आता बाप गेला, तेव्हा उरकून टाका. सुतकाच्या घरात माणसांच्या गर्दीतून एकांत शोधावा लागतो, आणि कॅमेरा घाई न करता, पार्श्वसंगीताचा आधार न घेता बघत राहतो. महत्त्वाचं म्हणजे हे प्रेम इंग्रजी बोलणाऱ्या फ्लॅटमधलं नाही. ‘हे शहरातले चोचले’ म्हणणाऱ्याला शेरडं राखणारा बाळ्या कुठल्या खात्यात टाकायचा हे कळत नाही.

आता आकड्यांकडे. प्यू या अमेरिकी संस्थेच्या पाहणीत समलैंगिकता समाजाने स्वीकारावी असं म्हणणारे भारतीय 2014 मध्ये 15 टक्के होते, 2019 मध्ये 37 टक्के झाले. याचं श्रेय चित्रपटांना द्यायचा मोह होतो, पण मधोमध कलम 377 वरचा सर्वोच्च न्यायालयाचा 6 सप्टेंबर 2018 चा निकाल आहे, स्वस्त झालेला मोबाइल डेटा आहे, शहरांतले अभिमान मोर्चे आहेत. चित्रपटाचा वाटा वेगळा काढून तोलता येत नाही. त्याचं काम बहुधा आडवळणाने होतं. न सुचणाऱ्या संभाषणाला तो निमित्त पुरवतो. पूर्वी टीव्हीवर रविवारी लागलेला चित्रपट सगळं घर बघे आणि नंतर कोणी तरी काही तरी बोले. सचिन कुंडलकरांच्या कादंबरीवरचा ‘कोबाल्ट ब्लू’ 2022 मध्ये थेट नेटफ्लिक्सवर आला. तो एखाद्या एकट्या मुलाने कानात हेडफोन घालून पाहिला असेल तर त्याला सोबत मिळाली, पण शेजारच्या खोलीतल्या आईपर्यंत काहीच पोचलं नाही. पडद्यावरचा तिसरा कितीही समंजस झाला तरी पडद्यासमोरचा तिसरा खोलीतूनच वजा झाला, तर परिणाम अर्धा राहतो. ‘बधाई दो’ (2022) मला यासाठी मोलाचा वाटतो: तो घरच्यांसोबत बघता येतो, आणि शेवटी होमहवनाच्या पाटाभोवती जोडीदारांनाही बसवतो. चौथी पायरी ती हीच.

या सगळ्या यादीत वडील मात्र कच्चे राहिले. निखिलचे वडील हाकलून देतात. ‘शुभमंगल ज्यादा सावधान’ (2020) मधले काळा फुलकोबी पिकवणारे कृषिशास्त्रज्ञ वडील आगगाडीत मुलाने घेतलेलं चुंबन पाहून ओकतात. आनंदचे वडील समजूतदार होते असं कळतं, पण चित्रपट सुरू होण्याआधीच ते गेलेले असतात. अपवाद सापडतो मल्याळममध्ये, जिओ बेबी यांच्या ‘काथल : द कोर’ (2023) मध्ये. मामूट्टी यांच्यासारख्या बड्या नटाने स्वतः निर्मिती करून त्यात मॅथ्यू या समलिंगी नवऱ्याची भूमिका केली, हीच मोठी बातमी होती. पण मला ठळक वाटतो तो म्हातारा बाप. मॅथ्यू पोटनिवडणुकीला उभा आहे, ज्योतिका यांची ओमना वीस वर्षांच्या संसारानंतर घटस्फोट मागते आहे, आणि बापाचं मौन हळूहळू उलगडत जातं. मुलाबद्दल त्याला आधीपासून ठाऊक होतं, आणि तरीही त्याने लग्न लावून दिलं होतं. मुलाची घुसमट आणि सुनेची वीस वर्षं, दोन्हींची जबाबदारी त्या एका माणसाच्या गप्प राहण्यावर येते. थिएटरात बसलेल्या प्रौढ पुरुषाला ही जागा दाखवणारा चित्रपट मराठीत अजून व्हायचा आहे.