कडू घास

आमच्या गावाकडं कुणी गेलं की 'अंत्यविधीला चाललो' असं कुणी म्हणत नाही, 'मातीला चाललो' म्हणतात. आजी सांगायची, "लग्नाला बोलवावं लागतंय, मातीला न्हाई."

मी नऊ वर्षांचा असताना आजोबा गेले. घर रडत होतं आणि गाव कामाला लागलं होतं. कुणी न सांगता एकजण कळक तोडायला गेला, दुसरा कुंभाराकडून मडकं घेऊन आला, तरण्या पोरांनी लाकडं गाडीत भरली. वडिलांना काहीच सुचत नव्हतं आणि काही सुचायची गरजही नव्हती. विस्तवाचं शिंकाळं कुणीतरी त्यांच्या हातात दिलं, वाटेत विसाव्याला थांबायचं तिथं खांद्याला धरून थांबवलं. सावडायला कधी, दहाव्याला कुणाकुणाला निरोप, हे भावकीनंच ठरवून टाकलं. त्या तेरा दिवसांत आमचं दुःख कुणी कमी केलं नाही, पण उद्या उठून काय करायचं हा प्रश्न मात्र एकदाही पडू दिला नाही.

त्या संध्याकाळी शेजारच्या काकूंनी पिठलं-भाकरी आणली. आजी तोंडाला लावेना. सकाळपासून तिच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. काकूंनी भाकरीचा कोर मोडला, पिठल्यात बुडवून तिच्या ओठांशी धरला. "कडू घास हाय आत्ती, न्हाई म्हणू नये." आजीनं तो कसाबसा गिळला आणि मग हंबरडा फोडला. दुसऱ्या दिवशी आई काकूंच्या टोपलीत चार शेंगा घालायला लागली, तर आजीनं तिचा हात धरला. एरवी शेजारचं भांडं रिकामं परत करायचं नाही, कडू घासाचं मात्र रिकामंच द्यायचं.

का, ते तिनं फार पुढं सांगितलं. गोष्ट तिच्या सासूची, म्हणजे माझ्या पणजीची. साल 1918. पावसानं दगा दिलेला आणि वर मानमोडीचा ताप. जूनमध्ये मुंबईत उतरलेल्या या इन्फ्लुएंझाची दुसरी लाट पावसाळा सरता सरता गावोगाव पोचली. मुंबई इलाख्यात दहा लाखांहून जास्त माणसं गेली. ही संख्या मी पुस्तकात वाचली. आजीच्या गोष्टीत आकडा एकच होता, चार. खांदा द्यायला उभी राहू शकतील अशी चार माणसं आळीत उरली नव्हती. पणजी तापात निपचित पडलेली. पणजोबांनी दीड वर्षाचा मुलगा कांबळ्यात गुंडाळला आणि एकट्यानं नदीकाठी पुरून आले. पणजी शुद्धीवर आली तेव्हा पाळणा रिकामा होता. कुणी भेटायला आलं नाही, कुणी घास आणला नाही, कारण शेजारच्याही चुली थंड होत्या. त्या मुलाचं नाव तिनं पुन्हा कधी काढलं नाही. पण पुढं चाळीस वर्षं, गावात कुणाकडंही माती झाली की पहिली भाकरीची टोपली तिची पोचायची, आणि ती रिकामीच परत घ्यायची.

पणजोबा सत्यशोधकी वळणाचे. आपल्या वडिलांच्या दहाव्याला त्यांनी भटजी बोलावला नाही, तेव्हा भावकीला वाटलं, हा माणूस आता काहीच करणार नाही. ते म्हणाले, "भटजी नको म्हणालो. माणसं नकोत, असं कुठं म्हणालो?" मग ते जोतीराव फुल्यांची गोष्ट सांगायचे. मिठात पुरावं अशी जोतीरावांची इच्छा होती, तिला परवानगी मिळाली नाही. 28 नोव्हेंबर 1890 ला ते गेले आणि टिटवं, म्हणजे अंत्ययात्रेच्या पुढं न्यायचं मडकं, कुणी धरायचं यावरून वाद निघाला. दत्तकपुत्र यशवंताच्या हक्कालाच नातलगांनी हरकत घेतली. तेव्हा त्यांच्या पत्नी सावित्रीबाई पुढं झाल्या, टिटवं हातात घेतलं आणि अंत्ययात्रेच्या पुढं चालू लागल्या. जन्मभर कर्मकांडाशी भांडलेल्या घरात त्या दिवशी भांडण झालं ते विधी करायचा की नाही यावरून नव्हे, आपल्या माणसाच्या पुढं चालण्याचा हक्क कुणाचा यावरून. मंत्र वगळता येतात. ते चालणं वगळता येत नाही.

हे मला नीट कळलं 2021 च्या एप्रिलमध्ये. पुण्यात माझा थोरला भाऊ कोरोनानं गेला. वहिनी आणि पुतण्या घरात विलगीकरणात, स्मशानाच्या फाटकाबाहेर मी एकटा. तिरडी नाही, विसावा नाही. निळ्या पिशवीचं एक टोक तेवढं लांबून दिसलं. दुसऱ्या दिवशी मडक्यावर चिकटपट्टीनं लावलेला नंबर जुळवून रक्षा घेतली. फोनवर वहिनी कोरड्या आवाजात फक्त बिलांचं बोलत होती.

तिसऱ्या दिवशी रात्री तिचा फोन आला. रडत होती. बेल वाजली म्हणून दार उघडलं, तर कडीला स्टीलचा डबा अडकवलेला. समोरच्या तमिळ काकू जिन्यात चार पायऱ्या खाली उभ्या होत्या, तोंडाला मास्क. त्यांनी हातानंच खूण केली, खा. डब्यात दहीभात होता.

पंधरा दिवसांनी मी त्या घरी गेलो. डबा घासूनपुसून ओट्यावर पालथा ठेवलेला होता. वहिनी म्हणाली, "भाऊजी, द्यायचाय परत. काय घालून देऊ यात?"

"काही नको," मी म्हणालो. "रिकामाच दे."