उद्या लेक्चर आहे का?

तिसगाव हे नगर-पाथर्डी रस्त्यावरचं गाव. इथून नगरला कॉलेजला जायचं म्हणजे सकाळची एसटी धरायची. आणि तिथे पोचल्यावर फळ्यावर वाचायचं, "आज लेक्चर होणार नाही". भाडंही गेलं आणि दिवसही!

मोबाईलने हे बदललं, पण हळूहळू. २००३ मध्ये इनकमिंग फुकट झालं आणि मिस कॉलचे संकेत ठरू लागले. २००७ साली एसएमएस गपशप आलं: एकाने पाठवायचं, सगळ्या ग्रुपला पोचायचं. सप्टेंबर २०११ मध्ये ट्रायने एका सिमला दिवसाला १०० एसएमएसची मर्यादा घातली, नोव्हेंबरात ती २०० केली. त्याच वर्षी व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप सुरू झाले. २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये तर वर्गच ग्रुपवर भरले.

मला यात महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. फळा कॉलेजचा होता, ग्रुप मुलांचा. नगरमधला वर्गमित्र सकाळीच कळवणार, "येऊ नकोस रे". शंका असली तर उलट विचारताही येतं.

जून २०१८ मध्ये 'फक्त अ‍ॅडमिन' लिहू शकेल अशी सोय आली. फालतू फॉरवर्ड थांबतात, हे खरं. पण ती लावली की ग्रुपचा पुन्हा फळाच होतो... वाचा आणि गप्प बसा! आणि सूचना फक्त ग्रुपवरच पडू लागल्या, तर ज्याच्याकडे स्मार्टफोन नाही त्याला तो फळाही उरत नाही.

असो. तुमच्यापैकी कुणी वर्गाच्या ग्रुपचा अ‍ॅडमिन असेल, तर एसटीने येणाऱ्याला विचारायला जागा ठेवा. एवढंच.