एक वर्ष पुढे असलेला शिक्षक



आपल्या आदिलाबादकडच्या मराठी मुलांच्या शिक्षणाचा इतिहास म्हणजे भाषा बदलत राहण्याचा इतिहास. आमच्या वडिलांच्या पिढीनं घरी मराठी, शाळेत आणि कचेरीत उर्दू, बाजारात तेलुगू असं निभावलं. १९१८ साली निजामानं हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ काढलं, तेव्हा तिथं शास्त्रविषयसुद्धा उर्दूतून शिकवत. त्यासाठी भाषांतराचं वेगळं खातंच होतं. १९४८ च्या पोलीस अ‍ॅक्शननंतर विद्यापीठात इंग्रजी आली. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत किनवट, राजुरा पलीकडे मुंबई राज्यात गेले, मुधोळ नांदेडमधून आपल्याकडे आलं, आणि बेला, जैनद, तामसीकडची मराठी गावं आंध्रात राहिली.

या सगळ्याचा खरा मार बसला तो सायन्स घेणाऱ्या पोरांना. गावच्या शाळेत मराठीतून शिकायचं आणि कॉलेजात गेलं की पुस्तक इंग्रजी, लेक्चर इंग्रजी, समजावणं झालंच तर तेलुगूत. हुशार पोरंसुद्धा पहिल्याच वर्षी गप्प व्हायची.

मी कॉमर्सचा. पण १९७० च्या आसपास भाड्याच्या खोलीवर सोबत राहणारे तिघं बीएस्सीच्या पहिल्या वर्षाला होते, त्यामुळे रसायनशास्त्र मी कानानं ऐकलं. तिघांपैकी एकजण सहामाहीनंतर ट्रंक घेऊन गावी गेला, तो परत आलाच नाही. त्याला डोकं नव्हतं असं नाही, विचारायला माणूस नव्हता. हे बघून शेजारच्या खोलीतला दुसऱ्या वर्षाचा मुलगा आमच्याकडे येऊन बसू लागला. आम्ही त्याला दादाच म्हणायचो.

त्याची रीत साधी होती. ‘मोल’ कोणाला कळेना. तो म्हणाला, डझनभर सीताफळं आणि डझनभर बोरं, नग सारखेच ना? मग वजन सारखं का नाही? मोलसुद्धा तसाच, कणांचा डझन. फक्त आकडा बारा नाही, ६०२ वर एकवीस शून्यं एवढा. म्हणून पाण्याचा एक मोल १८ ग्रॅम भरतो आणि मिठाचा साडेअठ्ठावन्न. प्रॅक्टिकलमध्ये नायट्रेट ओळखायला तपकिरी कडं यावं लागतं. ते आलं नाही, तर कारण तो लगेच सांगायचा नाही. “अ‍ॅसिड कसं ओतलंस? परीक्षानळी हलवलीस का?” असं विचारत राहायचा. अ‍ॅसिड नळीच्या कडेनं हळू सोडायचं असतं, हलवलं की दोन थर मिसळतात आणि कडं मोडतं, हे शेवटी त्या पोरालाच उमगायचं. उरलेले दोघंही पास झाले.

दादाला प्रोफेसरांपेक्षा जास्त येत होतं असं मुळीच नाही. पण गेल्या वर्षी तो स्वतः त्याच जागी अडला होता आणि ते त्याच्या लक्षात होतं. शिवाय त्याच्यापुढे “नाही कळलं” म्हणायला लाज वाटत नसे.

आता इतिहासात डोकावलं, तर ही रीत आपल्याच मातीतली दिसते. पंतोजींच्या शाळेत मोठी मुलं लहानांना धूळपाटीवर अक्षरं गिरवायला शिकवत. १७८९ साली अँड्र्यू बेल नावाचा स्कॉटिश पाद्री मद्रासच्या अनाथ मुलांच्या शाळेवर आला. जवळच्या देशी शाळेतली मुलं वाळूत अक्षरं काढताना त्यानं पाहिली आणि आपल्या शाळेत पोरांकडूनच पोरांना शिकवून घेतलं. १७९७ साली त्यानं लंडनला यावर पुस्तक छापलं, आणि ‘मद्रास पद्धत’ इंग्लंडभर गेली. पण तिकडे तिचा उपयोग झाला तो कमी खर्चात शेकडो मुलांकडून पाठ म्हणवून घ्यायला. दादाचं प्रश्न विचारणं त्यात नव्हतं.

ते आलं १९९० च्या दशकात, न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात, आणि तेही रसायनशास्त्राच्याच वर्गात. डेव्हिड गॉसर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा-आठ मुलांचे गट केले. प्रत्येक गटावर तोच पेपर आधी चांगला पास झालेला एक विद्यार्थी नेमला. त्यानं उत्तरं सांगायची नाहीत, गटाला बोलतं ठेवायचं. मार्क देणं त्याच्याकडे नाही. प्रोफेसर मात्र त्याची तयारी करून घेणार आणि त्याच्या संपर्कात राहणार. ही पद्धत पुढे अनेक कॉलेजांत नेणाऱ्यांमध्ये पुणे विद्यापीठातून बीएस्सी झालेल्या प्रतिभा वर्मा-नेल्सन होत्या. २००८ चा जेम्स फ्लॅक नॉरिस पुरस्कार यासाठी त्यांना, गॉसर यांना आणि जॅक कॅम्पमायर यांना मिळून मिळाला.

हे सगळं आज लिहायचं कारण घरचंच आहे. माझ्या भावाची नात बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिच्या मॅडमनी तिला पहिल्या वर्षाच्या पोरींचा केमिस्ट्रीचा गट घ्यायला सांगितलंय. तिचे वडील म्हणतात, दुसऱ्यांना शिकवण्यात हिचेच मार्क जातील. काळजी खोटी नाही, आठवड्याचे दोन-तीन तास जाणारच. पण बँकेत मी उलटंच पाहिलं. नव्या क्लार्कला लेजरचं बॅलन्सिंग मॅनेजर शिकवत नसत, गेल्या वर्षी लागलेला क्लार्क शिकवायचा. आणि शिकवता शिकवता त्याचंच काम पक्कं व्हायचं. “हे असंच का?” असं नवख्यानं विचारलं की पाठांतर उपयोगी पडत नाही.

म्हणून मी तिला हो म्हणायला सांगितलंय, पण एक अट घालून. दर आठवड्याला मॅडमसोबत बसायचं आणि पुढचा धडा आधी स्वतः तपासून घ्यायचा. आमच्या खोलीत दादा चुकला असता, तर दुरुस्त करणारं कोणी नव्हतं. तिच्यामागे मॅडम आहेत.

२०१६ साली आपल्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले, पण सीमेवरची मराठी शाळेतली पोरं अजूनही त्याच तीन-चार भाषा ओलांडून कॉलेजात पोचतात. तुमच्या घरातलं एखादं पोर कॉलेजात एक वर्ष पुढे असेल, तर त्याला गावाकडून आलेल्या नव्या पोरांजवळ आठवड्यातून एकदा बसायला सांगा. आणि तुम्हाला असं कोणी शिकवलं असेल, तर त्याबद्दल खाली जरूर लिहा.