तळटीप : पाऊ गसोलची अदलाबदल, फेब्रुवारी २००८

मेम्फिसने गसोल लेकर्सला ‘फुकट दिला’ असे लेखक म्हणतात. त्या वेळी ओरड हीच होती. पण हिशेब पाहावा. एनबीएमध्ये संघाच्या एकूण पगारखर्चाला मर्यादा, म्हणजे सॅलरी कॅप असते. ती आधीच ओलांडलेल्या संघाला वाटेल तो खेळाडू घेता येत नाही. तेव्हाच्या नियमानुसार येणारे पगार जाणाऱ्या पगारांच्या १२५ टक्के अधिक एक लाख डॉलर याहून जास्त चालत नसत. गसोलचा पगार सुमारे १ कोटी ३७ लाख डॉलर. लेकर्सकडे देण्याजोगा मोठा करार एकच, क्वामे ब्राउनचा, तो ९० लाखांच्या आसपास. एक नवखा खेळाडू जोडूनही आकडा जुळेना. तेव्हा खेळणे जवळजवळ सोडून फिलाडेल्फियाच्या प्रशिक्षकांना मदत करणाऱ्या ॲरन मकीशी करार करून लेकर्सने त्याला पासंग म्हणून लावले. मेम्फिससाठी तो एकही सामना खेळला नाही. (त्याच महिन्यात जेसन किडला आणताना डॅलसने कीथ व्हॅन हॉर्नचा असाच उपयोग केला.)

ब्राउनचा करार मोसमाअखेर संपणार होता. मेम्फिसला खरा मोह त्या मोकळ्या होणाऱ्या पैशांचा. शिवाय ड्राफ्टमधल्या, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीतल्या, पहिल्या फेरीच्या दोन निवडी आणि पाऊचा धाकटा भाऊ मार्क याला करारबद्ध करण्याचे हक्क. लेकर्सने २००९ आणि २०१० ची विजेतेपदे मिळवली, हे खरेच. पण मार्क मेम्फिसकडून खेळतानाच २०१३ मध्ये लीगचा सर्वोत्तम बचावपटू ठरला. ‘फुकट’ हा शब्द लेखकाने घाईने वापरला आहे. — संपा.