पगारपत्रकातले २०० रुपये

गेल्या वर्षीच्या वर्गणीचा हिशेब जुळवायला आम्ही कार्यकर्ते बसलो होतो. हिशेब जुळला, चहा आला आणि आपल्यातल्या एका तरुण मित्राने मोबाइलवर पगारपत्रक उघडून विचारले, "काका, हे दरमहा २०० रुपये व्यवसाय कर म्हणून कापतात, ते कशाचे हो?" कोणालाच धड सांगता येईना. प्रॉव्हिडंट फंड कळतो, इन्कम टॅक्स तर चांगलाच कळतो. पण हा आकडा इतका लहान की त्याची चौकशी करायला कोणाला सवड नसते. स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या असा आग्रह होताच. म्हटले, या २०० रुपयांचीच गोष्ट सांगावी, कारण तिचा मोठा भाग आपल्या महाराष्ट्रात घडला आहे.

नोकरी-धंद्यावर कर बसवण्याची मुभा राज्यघटनेच्या २७६ व्या कलमाने राज्यांना दिली आहे. कर्नाटकाचा कायदा १९७६ चा, महाराष्ट्राचा १९७५ चा. महाराष्ट्राच्या कायद्याला मात्र एक ठरलेले काम होते. शहरातल्या पगारदाराने आपल्या पगारातून थोडे द्यायचे आणि त्यातून खेड्यातल्या बिनकामाच्या हातांना काम मिळायचे. हीच आपली रोजगार हमी योजना.

या योजनेचे जनक वि. स. पागे. सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यातील विसापूरचे हे गांधीवादी कार्यकर्ते १९६० ते १९७८ या काळात विधान परिषदेचे सभापती होते. शेतात चार महिने काम आणि आठ महिने हातावर हात, हे त्यांनी गावातच पाहिले होते. धट्टाकट्टा माणूस काम मागतो आहे आणि गावात बंधारे, रस्ते, विहिरी अशी ढीगभर कामे पडून आहेत. मग या दोहोंची गाठ सरकारने का घालू नये, हा त्यांचा साधा प्रश्न. साठच्या दशकात त्यांच्याच भागात प्रयोग करून पाहिला गेला. मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांनी ती कल्पना उचलून धरली. १९७१ मध्ये पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनीही दारिद्र्यावरच्या आपल्या अभ्यासात ग्रामीण भागात मोठ्या प्रमाणावर सार्वजनिक कामे काढण्याचा आग्रह धरला होता. १९७२ मध्ये योजना राज्यासाठी जाहीर झाली आणि त्याच वर्षी पावसाने दगा दिला.

बहात्तरचा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्यांना सुकडी आणि मिलो हे दोन शब्द पुरेत. मे १९७३ मध्ये राज्यातील दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. खडी फोडायची, पाझर तलावाची माती वाहायची, नालाबांध घालायचे. माझे आजोळ माण तालुक्यातले. मावशी रोज कामावर जायची आणि सुट्टीत मी तिचे पाणी घेऊन मागे मागे. एका शनिवारी पगाराच्या वेळी मस्टर उघडे होते. मी तेव्हा चौथीत. सहज वाचले तर मावशीच्या नावापुढे सहाऐवजी चारच हजेऱ्या. मी मोठ्याने बोलून गेलो. मुकादम चपापला, मग पुन्हा मोजून दोन दिवस भरून दिले. घरी येताना मावशी एवढेच म्हणाली, "आजवर किती दिवस गेले असतील रे, देवाला ठाऊक." मला मात्र तो खडीचा ढीग आणि शाई लागलेला तिचा अंगठा अजून दिसतो.

दुष्काळ ओसरल्यावर खरी गोष्ट सुरू झाली. दुष्काळी काम ही सरकारची मर्जी असते. सरकारने दुष्काळ जाहीर केला तर काम निघते. पाग्यांना हवा होता हक्क. महाराष्ट्र रोजगार हमी अधिनियम, १९७७ हा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. खेड्यातल्या कोणाही प्रौढ माणसाने अंगमेहनतीचे काम मागितले की १५ दिवसांत ते द्यायचे, नाही दिले तर बेकारी भत्ता द्यायचा. 'मागेल त्याला काम' ही घोषणा इथली. बाईला आणि गड्याला मजुरीचा दर एकच. त्यामुळे कामावर बायका मोठ्या संख्येने येत.

पैसा कुठून आणायचा? व्यवसाय कर, मोटार-वाहनांवरील जादा कर, विक्रीकरावरील अधिभार, बागायती जमिनीवरील विशेष आकार अशा करांतून निधी उभा राहिला आणि जेवढा कर जमेल तेवढीच भर राज्य सरकारने आपल्या तिजोरीतून घालायची असे ठरले. मुंबईच्या कचेरीतला कारकून आणि माणच्या माळावरची मावशी, दोघे एकमेकांना कधी भेटले नाहीत. पण एकाच्या वर्गणीवर दुसरीची चूल पेटत होती.

सगळे गोड होते असे नाही. मस्टरवर खोटी नावे लागत, पगार आठवडेच्या आठवडे रखडत, अर्धवट रस्ते पावसात वाहून जात. मोठी उणीव म्हणजे योजनेने हातांना काम दिले, पण हातांना कसब शिकवले नाही. आपल्या के. आर. पुरममध्ये 'आयटीआय' म्हटले की लोक दूरवाणीनगरचा १९४८ साली सुरू झालेला टेलिफोनचा कारखाना दाखवतात. महाराष्ट्रातून नव्याने आलेला माणूस मात्र औद्योगिक प्रशिक्षण संस्था समजतो. या नावावरून आपण पुष्कळ हसलो आहोत. पण ज्यांना ते प्रशिक्षण मिळाले, १९६१ च्या अॅप्रेंटिस कायद्याखाली कारखान्यात उमेदवारी करता आली, ते कुठे पोहोचले आणि ज्यांच्या हाती फक्त घमेले आले ते कुठे राहिले, हे हसण्यावारी नेण्यासारखे नाही. १९९० मध्ये रोजगार हमीला फळबाग लागवडीची जोड मिळाली. तिथे मजुरीतून मजुराच्या स्वतःच्या शेतात काही टिकाऊ उभे राहिले.

आणि अक्षरांचे काय? सातारा जिल्ह्यात १९५९ सालीच ग्रामशिक्षण मोहीम निघाली होती. गावेच्या गावे पाटी घेऊन बसली, पुढे ती राज्यभर गेली. पण मोहीम सरली की सरावाअभावी पुष्कळांची अक्षरे पुसली जात. २ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा मावशी कंदिलाच्या उजेडातल्या रात्रवर्गाला बसली. फार शिकली नाही. सही आली आणि आकडे आले. पण त्यानंतर मस्टरवर तिने अंगठा दिला नाही. आधी हजेऱ्या मोजायची, मग सही करायची. कायद्याने हक्क दिला होता खरा, तो तिच्या पदरात पडला तो त्या रात्रवर्गामुळे.

महाराष्ट्राचा हा अनुभव पुढे देशाच्या कामी आला. २००५ मध्ये संसदेने राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा केला, वर्षाला घरटी १०० दिवस कामाचा. २ फेब्रुवारी २००६ रोजी त्याची सुरुवात झाली ती इथून जवळच, आंध्रच्या अनंतपूर जिल्ह्यात. कर्नाटकातले बीदर, गुलबर्गा, रायचूर, चित्रदुर्ग आणि दावणगेरे हे जिल्हे पहिल्याच टप्प्यात होते. डिसेंबर २०२५ मध्ये त्याऐवजी नवा कायदा संमत झाला. त्यात दिवस १०० चे १२५ झाले आणि बहुतेक राज्यांवर खर्चाचा ४० टक्के वाटा आला. नवे चांगले की जुने, यावर वाद चालूच आहेत. माझी कसोटी पाग्यांचीच: काम मागणाऱ्याला ते हक्काने मिळते का, आणि आपल्या नावापुढे काय लिहिले आहे ते त्याला वाचता येते का?

मंडळी, आपल्या इमारती बांधणारे, आपल्या घरी धुणीभांडी करणारे कितीतरी जण रायचूर-गुलबर्ग्याकडून आले आहेत. बँकेचा कागद आला की त्यातले काही जण अजून कोणाकडून तरी वाचून घेतात. मंडळाने रविवारी तासभर सही, आकडे आणि बँकेचे पासबुक वाचणे शिकवणारा वर्ग चालवला तर? त्यांना अक्षरे येतील आणि आपले कन्नडही सुधारेल. ज्याची आपण दहा दिवस पूजा करतो तो विद्येचा देव आहे. उरलेल्या दिवसांतही त्याचे थोडे काम करावे, एवढेच मागणे.

गणपती बाप्पा मोरया!